दुसरा घोट

माचामे,
नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय उफो,

फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की तू "बरं ताई, बरं ताई" करतोस, मागं दार-एस-सलामच्या गाड्या कोकलत असतात, आणि जे सांगायचं ते सोडून मी गाईला वासरू झालं एवढंच सांगून फोन ठेवते. म्हणून हे पत्र. शेजारची अनाएली लेकीच्या बाळंतपणाला तिकडं निघाली आहे, तिच्या पिशवीत देईन. मला लिहिताना बघून ती म्हणालीच, "एवढं काय लिहितेस गं, भावालाच ना? की कुणी दुसरा आहे?" म्हटलं, दुसरा असता तर तुझ्या पिशवीत दिलं असतं का? तू मात्र हे घाईनं वाचू नकोस. रविवारी चर्चवरून आलास की निवांत बस आणि वाच. आणि आधीच सांगून टाकते, नाताळला तू घरी यावंस म्हणून हे लिहिते आहे. बाबा गेल्यापासून हा तिसरा नाताळ. पहिल्या वेळी तुला रजा नव्हती, दुसऱ्या वेळी पोराला गोवर निघाला, यंदा तू अजून काही बोललेला नाहीस. यंदा यायलाच हवं. का, ते मला एकदम सांगता येत नाही, ओघानं येईल.

इकडं वर्षअखेरचा छोटा पाऊस लागला आहे. जंगलाच्या काठावरून ढग जो खाली उतरतो तो दुपारपर्यंत हलत नाही, आणि पाऊस थांबला तरी बागेत पानापानांवरून टपटप चालूच असते. आज सकाळी घटकाभर उघडलं आणि किबोचं शिखर दिसलं. तू गेलास तेव्हापेक्षा त्याच्या डोक्यावरचं पांढरं आणखी आकसलंय. बाबा असते तर म्हणाले असते, म्हाताऱ्याला टक्कल पडायला लागलं. तरी मी दुधाची चरवी खाली ठेवून बघत राहिले. तुला आठवतं, वाटेत कुणी मोठं माणूस भेटलं की आई आपल्याला खांद्याला धरून उताराच्या बाजूला ढकलायची, कारण किबोकडची बाजू मोठ्यांची? तू एकदा विचारलंस, "आणि समोरून म्हातारी शेळी आली तर?" आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच हसत बसली. परवा बाजारातून येताना शाळेची दोन पोरं मला किबोकडची बाजू देऊन उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं, उफो. पोरं गुणी होती, पण मी म्हातारी झाले की.

वरच्या घळीत दरड येऊन पाट फुटला होता. मोसेकाका अजून पाटाचे कारभारी आहेत, दुसरं कोण होणार? माणसं गोळा करायला सकाळी शिंग फुंकायला उभे राहिले, पण शिंगातून आवाजाऐवजी खोकलाच बाहेर पडला. खालच्या घरांतून माणसं ओरडायला लागली, "काका, दुरुस्तीला बोलावताय की डॉक्टरला?" पण आले सगळे कुदळी घेऊन. सगळे म्हणजे म्हातारे आणि बायका. पूर्वी बायकांना पाटाच्या तोंडाशी जाऊ द्यायचे नाहीत, पाणी रुसतं म्हणायचे. पुरुष शहरात गेले आणि पाण्याचा रुसवाही गेला. आम्ही चिखलात उतरलो, दगड रचले, फटींत केळीची सोपटं आणि माती ठासली. खापरपणजोबांनी हा पाट काढला तेव्हा सोपटाची पन्हळ धरायची, तीत पाणी ओतून उतार बघायचा आणि मग खणायचं, असं करत जंगलापासून आपल्या दारापर्यंत आले, हे बाबा दर दुरुस्तीला सांगायचे आणि तू दर वेळी तोंडभर जांभई द्यायचास. पाणी सुटलं तशी मी त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं खाली चालत आले. पाण्याच्या पुढं वाळकी पानं, कॉफीची फोलं, कुणाची तरी एक चप्पल. आपल्या बागेत शिरलं की ते जरा मंदावतं ना, जिथं बसून तू रताळी धुवायचास आणि निम्मी वाहून घालवायचास, तिथं मी बसून राहिले. तू हवा होतास असं वाटलं.

बाग चांगली आहे. दारूची केळी, भाजायची केळी, रस्स्यातली केळी, सगळी बेटं आपापल्या जागी आहेत. कोनफळाचे वेल झाडांवर चढलेत. आजूबाजूच्यांनी कॉफी उपटून अव्होकाडो लावले, कॉफीत आता राम नाही म्हणतात. मी बाबांनी लावलेली वरची ओळ ठेवली आहे. तिची फुलं आली की दोन दिवस सगळं घर वासानं भरतं, आणि त्या दोन दिवसांसाठी मी वर्षभर तिच्या फांद्या छाटते, असं अनाएली मला वेड्यात काढत सांगते. गवत कापायला आम्ही दोघी अजून खाली सपाटीवर जातो. वर येताना ती रोज तेच पुराण लावते, "तुझी गाय एकदाची खाली नेऊन बांध. तिचं पोट भरेल आणि आपली मान वाचेल." गाय खाली बांधली तर शेण खालीच पडेल, मग केळी काय खातील? हे तिलाही कळतं, पण चढावर बोलायला काहीतरी लागतं. यंदा वर थंडी फार, म्हणून काळी-पांढरी माकडं जंगल सोडून पार खालच्या मोठ्या रानअंजिराच्या झाडापर्यंत आली होती. अंधार पडायला लागला की झाडावरचा तो सशाएवढा प्राणी गळा काढतोच. तुझ्या धाकटीला मी त्याचं ओरडणं फोनवर ऐकवलं, तर म्हणाली, "आत्या, तिकडं कुणाला मारताय?" तुझी पोरं या आवाजात झोपायला शिकली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तुला तो ऐकू आला नाही तर झोप यायची नाही.

त्याच फोनवर तू विचारलंस, "ताई, आता त्या बागेचं करायचं तरी काय?" मी लाइन गेली असं दाखवलं. लाइन गेली नव्हती. मला तुझा राग आला नव्हता, भीती वाटली. घराची बाग धाकट्या मुलाची, ही रीत तू केलेली नाहीस, आणि तिकडं संसार, नोकरी, शाळा असताना तू इथं येऊन शेण टाकत बसावंस असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी तर इथं माहेरी परत आलेली मुलगी. कुणी तोंडावर बोलत नाही, पण वाटण्यांची बैठक बसली की मला चहा करायला आत पाठवतात आणि चहा झाला तरी कुणी बाहेर बोलवत नाही. तुझ्या नावाच्या बागेत मी तीस-एक वर्षं राबले आणि सुखानं राबले. मालकीचं मला काही नाही. पण हे सगळं कुणा परक्याच्या हाती जाईल याची ती भीती, हे तुला आज लिहून कळवते.

लोक म्हणतात मी नवऱ्याशी भांडून माहेरी राहिले. बाबाही तेच समजून गेले आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. पास्काल वाईट माणूस नव्हता, उफो. डोंगराच्या त्या अंगाला, रोंबोला, त्याचं घर नीटनेटकं होतं. पाणी कमी, माती लाल, आणि समोर किबो नाही, मावेन्झी. दातेरी, मोडका, काळा. आई सांगायची ना, की मावेन्झी सारखासारखा किबोकडं विस्तव मागायला यायचा आणि शेवटी किबोनं वैतागून त्याला मुसळानं बडवलं. लग्नानंतर पहिले काही दिवस मी सकाळी अंगणात येऊन त्या ठेचलेल्या डोंगराकडं बघायची आणि मला रडू यायचं. पास्काल म्हणाला, "त्याच्या मागंच आहे तुझा किबो. मी सांगतो ना, आहे." असा होता तो. मी परत आल्यावर तीनदा न्यायला आला. बागेच्या कडेला टोपी हातात धरून उभा राहायचा, आई त्याला आंबलेलं दूध द्यायची, तो एवढंच म्हणायचा, "निघायचं?" मी म्हणायची, पुढच्या हंगामात. तू तेव्हा लहान. त्यानं आणलेला ऊस चोखत त्याच्या बाजूनं बोलायचास, "जा की ताई, काय होतं!" मग त्यानं दुसरी केली, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. तिच्यापासून त्याला चार मुलं झाली. मी मनातल्या मनात त्यांची नावं पाठ केली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी पास्काल गेला. निरोप आला तेव्हा मी गोठ्यात होते, तिथंच बसून राहिले. त्याच्या मातीला गेले नाही. आणि गेल्या महिन्यात त्याच्याकडची माणसं आली. त्याचा पुतण्या वेदास्तो आणि दोघं म्हातारे, उन्हातून चढून, केळीच्या पानाचं बूच लावलेला दारूचा तुंबा घेऊन. मी गवताला गेले होते. घरी मोसेकाका तेवढे, नुकतेच पाटावरून आलेले. आता तुला सांगायला नको, पण तुझ्या बायकोला सांग: आपल्याकडं कुणी तुंबा घेऊन दारात आलं की आधी त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं. बोलणं पटलं तर घरच्या वडीलधाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, म्हणजे आमची ना नाही. आणि दुसरा घोट बागेच्या मालकाचा. तो घेतला की ठरलं, मग ते आकाश कोसळलं तरी फिरत नाही; मालकानं तो न पिता जमिनीवर ओतला तर नकार. मोसेकाकांनी जन्मभर दुसऱ्यांची सोयरीक, दुसऱ्यांची भांडणं या रीतीनं मिटवली. आणि त्या दिवशी काय केलं असेल? पाहुणे टेकतात न टेकतात तोच त्यांनी तुंबा उचलला, बूच काढलं आणि डोळे मिटून घटाघटा प्यायले. वर म्हणाले, "व्वा! नाचणी काय छान आंबलीय. रोंबोच्या बायकांच्या हाताला चव आहे हं." मिशा पुसल्या आणि मग विचारलं, "हं, बोला, काय काम काढलंत?"

वेदास्तोला बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना. एवढ्यात मी डोक्यावर भारा घेऊन अंगणात आले. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही घोट घेतलातच, आता काय सांगायचं? काकूंना न्यायला आलोय." काकांचा चेहरा पडला. वेदास्तो घाईनं म्हणाला, "आत्ता नाही हो. त्यांची वेळ येईल तेव्हा. पास्कालकाकांच्या थडग्याच्या उजव्या हाताला जागा ठेवली आहे. पहिली बायको माहेरच्या बागेत परक्यासारखी पडली, असं आमच्या घराला कुणी म्हणायला नको." भारा माझ्या डोक्यावर तसाच होता. लग्नातल्या त्यांच्या शेळ्या, त्यांची दारू आपण कधी परत केली नाही, म्हणजे मी अजून त्यांचीच. त्यांनी ते बोलूनसुद्धा दाखवलं नाही, इतकी चांगली माणसं. वाईट असती तर मी भारा त्यांच्या अंगावर टाकला असता. जाताना म्हणाले, नाताळात सगळा डोंगर घरी येतो, बागेचे मालकही येतील, तेव्हा दुसऱ्या घोटासाठी येऊ. आणि मालक आले नाहीत तर वडीलधारे आहेतच.

ते गेल्यावर मोसेकाका पायरीवर बसून कपाळ बडवायला लागले. "अइकारुवा, उन्हातून आलो होतो गं. घशाला कोरड पडली होती. मला काय ठाऊक त्या तुंब्यात तू होतीस!" मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण हसूच फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, मग तेही रडले. म्हणाले, घेतलेला घोट मला परत करता येत नाही, आणि दुसऱ्या वेळी माझ्यापुढं तुंबा आला तर पहिला घेऊन दुसरा नाकारायचा कसा, माणसं थुंकतील. खरंच आहे. अनाएलीला सांगितलं तर म्हणाली, "जा की मग! हक्काची जागा, नवऱ्याचा शेजार. इथं भावाच्या बागेत तुला कोण विचारतंय?" चेष्टेत म्हणाली, पण तेही खोटं नाही. सगळे म्हणतात, कसला एवढा हट्ट? मेल्यावर किबो दिसला काय आणि मावेन्झी दिसला काय! मी कुणालाच काही सांगितलं नाही. उफो, ते किबोसाठी नाही. इथं बागेत निजलेल्या आई-बाबांसाठीही नाही, त्यांना एकमेकांची सोबत आहे.

तू सहा-सात वर्षांचा असशील. आई तापानं पडली म्हणून मी रोंबोहून आले, मला सातवा लागला होता. एका दुपारी आईनं तुला मोसेकाकांकडं धाडलं आणि तिथं मटणाचा रस्सा मिळाला म्हणून तू दुसऱ्या दिवशी नाचत परत आलास. त्या मधल्या वेळात मला मुलगी झाली होती. ती दुपारपासून सकाळपर्यंत होती. तिचे डोळे उघडे होते. दात न आलेल्या बाळाला आपल्याकडं थडगं नसतं, रडायला माणसं बोलवत नाहीत, नाव ठेवत नाहीत. आई तापातच उठली, तिनं तिला केळीच्या पानात गुंडाळलं, आणि गोठ्यामागच्या केळीच्या बुडाशी आम्ही दोघींनी तिला ठेवलं. बाबांना, पास्कालला, मूल गेलं एवढंच सांगितलं. कुठं, ते पुरुष विचारत नाहीत. मी आठवड्यात परत जाणार होते. पण केळ एका जागी राहत नाही, उफो. घड काढला की जुना बुंधा पाडायचा, शेजारचा मुनवा वाढवायचा, पुढं त्याच्या शेजारचा, असं करत काही वर्षांत बेट चालत चालत भलतीकडंच जातं. मग ती कुठं आहे, हे कुणाला कळलं असतं? म्हणून त्या बेटाचे बाहेरचे मुनवे मी काढते आणि आतला ठेवते, दर वर्षी. घड लहान येतात, बाबा ओरडायचे, "हिला केळ राखता येत नाही." बेट अजून तिच्याभोवतीच आहे. एवढ्यासाठी मी पास्कालबरोबर गेले नाही, आणि त्याला ते सांगताही आलं नाही. आता मेल्यावर मला डोंगराच्या त्या अंगाला नेलं तर ती इथं एकटी राहील. मला तिच्या शेजारी ठेव. ज्या बागेत आपल्या हातानं माणूस ठेवलं ती बाग मग विकवत नाही, हे मला कळतं, म्हणजे मी तुझ्याकडं लहान गोष्ट मागत नाही. तरी मागते. नाताळला ये. वेदास्तो तुंबा पुढं करील, तो दोन्ही हातांनी मानानं घे आणि न पिता जमिनीवर ओत. तो हक्क फक्त तुझा आहे. तिचं नाव मी मांका ठेवलं होतं, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला सांगते, कारण तू तिचा मामा आहेस.

तुझीच,
अइकारुवाताई